खंड्यासाठी लावलेली पाटी

इस्पितळात तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. दिवसभर "हलू नका, श्वास रोखा" म्हणत एक्स-रे काढायचे, म्हणून वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांची ती 'हलूनका' झाली होती. वीस वर्षं लोकांची हाडं टिपल्यावर तिला पाखरांचे फोटो काढायचा नाद लागला. नवरा म्हणायचा, "हे पेशंट काही तुझं ऐकायचे नाहीत बरं का."

नव्या इमारतीसाठी मागच्या अंगाला खणलेला खड्डा वर्षभर तसाच पडून होता. त्याच्या उभ्या मातीत मुठीएवढं बीळ होतं, ते तिनं जिन्याच्या खिडकीतून हेरलं. खंड्याची जोडी आळीपाळीनं आत-बाहेर करत होती. पाठ निळीशार, डोकं तपकिरी, चोच लालभडक. मग जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात कॅमेरा. अकराव्या दिवशी हवा तो फोटो मिळाला. चोचीत सरडा, पंख पुरते उघडलेले, बीळ अवघं वीतभर पुढं. तिचा आनंद पोटात मावेना. तिनं फोटो इस्पितळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या मागच्या खड्ड्यातले शेजारी.'

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्याच्या काठावर ही गर्दी. नर्सा, लॅबवाले, पेशंटांचे नातेवाईक, सगळ्यांचे मोबाईल वर. एकजण तर खाली उतरून बिळात टॉर्च मारत होता. खंड्या समोरच्या तारेवर चोचीत भक्ष्य धरून नुसता बसून होता. एरवी दर दहा मिनिटांनी पिल्लांना घास मिळायचा. आज पाऊण तास झाला, तरी एकही आत गेला नाही.

ती धावत खाली गेली. "अहो, जरा लांब व्हा. पिल्लं उपाशी आहेत आत."

"तुम्ही काढलात ना फोटो?" लॅबवाला म्हणाला. "मग आम्ही काय घोडं मारलं?"

आपणच वाट दाखवली आणि आपणच दार लावा म्हणायचं, कुठल्या तोंडानं? ती तशीच विभागात परतली. अडगळीच्या कपाटामागे जुनी पाटी पडली होती. पिवळ्यावर तीन काळी पाती, खाली 'धोका! किरणोत्सर्ग. जवळ येऊ नका.' तिनं मागचापुढचा विचार केला नाही. पाटी नेऊन खड्ड्याच्या काठच्या लोखंडी गजाला बांधली. पाच मिनिटांत काठावर चिटपाखरू उरलं नाही. माणसांपैकी, म्हणजे.

सकाळी कामावर आली तर इस्पितळभर एकच बोलणं. खड्ड्यात म्हणे विषारी किरणांचा कचरा पुरलाय. दोन नंबरच्या वॉर्डात सहा जण घरी सोडा म्हणून अडून बसले होते. मोठ्या डॉक्टरीणबाईंचं बोलावणं यायच्या आधी तिनं नवऱ्याला फोन लावला.

"नोकरी गेली बहुतेक माझी."

तो म्हणाला, "जे झालं ते खरं सांगून टाक. पुढचं पुढं बघू."

तिनं केबिनमध्ये उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. फोटो, गर्दी, पाटी. काही हातचं राखलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पिल्लं किती?"

"दिसत नाहीत. आवाजावरून तीन-चार असावीत."

"उडायला किती दिवस?"

"दहा-बारा."

"पाटी आत्ताच्या आत्ता उतरवा. मग वॉर्डावॉर्डात जाऊन तुम्ही स्वतः लोकांना सांगा. नोकरीचं म्हणाल, तर एक्स-रेसाठी बाहेर रांग लागलीय. आटोपून लवकर या. आणि खड्ड्याभोवती पत्रे ठोकायचं मी सहा महिने बोंबलतेय, ते आज होऊ दे."

ती वॉर्डात गेली तेव्हा कान तापले होते. पायाला प्लॅस्टर असलेल्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला किरणं लागलीच नाहीत?"

"लागली ना. काल गुडघ्याला. मीच लावली."

आजोबा हसले, शेजारचा हसला, आणि गाठोडं बांधून बसलेल्या बाईनं ते सोडायला घेतलं.

दुपारपर्यंत पत्रे लागले. ती जिन्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. कॅमेरा आणलाच नव्हता. वीस मिनिटं काही नाही. तार रिकामी. काल गर्दी, आज सकाळपासून पत्र्यांची ठोकाठोक; उपाशी राहून आतलं सगळं संपलं असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात निळी रेघ मारल्यासारखा एक खंड्या आला आणि सरळ बिळात शिरला. आतून किरकिर ऐकू आली, भुकेली, भांडखोर, एकापेक्षा जास्त गळ्यांची. तो रिकाम्या चोचीनं बाहेर पडतो न पडतो तोच दुसरा आत. ती तिथंच पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. किती वेळ श्वास कोंडून धरला होता कोण जाणे.

अकरा दिवस ती रोज तिथं उभी राहिली. बाराव्या दिवशी सकाळी लोखंडी गजांवर आखूड चोचीची तीन पिल्लं बसली होती. एक तोल जाऊन पडता पडता सावरलं. तिनं तीनदा मोजली आणि तडक केबिन गाठली.

"तीन," ती दारातूनच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल मिटली. "चला, दाखवा."