परत न आलेल्या बायका

डॉक्टर केसरीनाथ तरे हॉलच्या पायऱ्या चढतानाच तापलेले होते. सारी हयात भिवंडीत ऑपरेशनं केलेल्या माणसाने रविवारी दुपारी काय करायचं, तर शाळकरी पोरासारखं खुर्चीत बसून स्तनाच्या कॅन्सरचे नवे उपचार शिकायचे! का, तर डॉक्टरकीच्या नोंदणीला पॉइंट लागतात. आणि शिकवायला कोण? इशरत. त्यांच्याच टेमघरच्या हॉस्पिटलात टाके घालायला शिकलेली, त्यांच्याशी भांडून मुंबईला गेलेली आणि आता कॅन्सरची तज्ज्ञ म्हणून मिरवत परत आलेली इशरत.

"गाठ हाताला लागली की आधी सुईने तुकडा काढून तपासा," ती पडद्याकडे बोट दाखवत सांगत होती. "कॅन्सर कुठल्या जातीचा ते कळलं की औषध ठरतं. कित्येकदा आधी औषध दिलं तर गाठ आक्रसते, स्तन वाचतो. थेट सुरी लावू नका."

थेट सुरी! हा टोमणा कुणाला होता ते हॉलमधल्या चहावाल्यालाही कळलं असतं. दोन-चार माना तऱ्यांकडे वळल्याही. दिघाशी गावची रूपा या घडीला त्यांच्याच वॉर्डात होती. उद्या सकाळी तिचा सबंध स्तन काढायचा होता, आणि सुईबिई काही लावलेली नव्हती. गाठ कसली आहे ते तऱ्यांच्या बोटांना कळत होतं.

ते माईकची वाट न बघता उठले. "ओ मॅडम, आमच्याकडे बाई एकदाच येते. नवऱ्याने गोडाऊनची ड्युटी बुडवून आणलेली असते. रिपोर्टला आठ दिवसांनी ये म्हटलं की गेलीच समजा. म्हणून मी आलेली बाई गाठीतून मोकळी करूनच धाडतो."

मागून टाळ्या पडल्या. तऱ्यांना आणखी चेव आला. "आणि आजवर एक बाई तक्रार घेऊन परत आलेली नाही! माझ्या रंगूबाईला विचारा. गाठ काढल्यापासून दरसाल वालाच्या शेंगा घेऊन येते. ठणठणीत!"

रंगूबाईचं नाव ऐकताच इशरतचा चेहरा उतरला. पण मागे हटेल ती कसली! "सर, परत आल्या नाहीत म्हणजे बऱ्या झाल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या आमच्याकडे येतात. हाडांत पसरल्यावर."

"म्हणजे मी बायका मारतो?" तरे कडाडले. "सुरी धरायला कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्ही. म्हणून तोंडावर सांगतेय. बाकीचे मागून बोलतात."

आता कुणी टाळी वाजवेना. डॉक्टरांच्या संघटनेच्या सेक्रेटरीने घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली.

तरे कप घेऊन एका कोपऱ्यात उभे राहिले. इशरत तिथेही आली.

"आता काय जखमेवर मीठ चोळायला आलीस?"

"रंगूबाई गेली, सर. गेल्या श्रावणात, आमच्या वॉर्डात."

"खोटं बोलतेस."

"कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला होता. तुम्ही काढलेल्या गाठीचा जुना तुकडा लॅबात पडून होता, तो आम्ही मागवून तपासला. तिला पहिल्यापासून रोज एक गोळी लागत होती. साधी गोळी. तेव्हा तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"मग मला कळवायला काय धाड भरली होती?"

"कळवणारच होते. तिने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, माज्या डॉक्टरला सांगू नको गो, त्याला वाईट वाटंल."

तऱ्यांना तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "चालती हो," ते म्हणाले. ती गेली. यंदा वालाच्या शेंगा आल्या नव्हत्या. 'रंगूबाई विसरली वाटतं आपल्याला,' असं त्यांनी कंपाउंडरला म्हटलंही होतं, आणि वर तिच्यावर रुसलेही होते. छे, लाज वाटावी असा रुसवा!

ते तडक हॉस्पिटलात आले. रूपा कॉटवर बसली होती, नवरा मनोज स्टुलावर.

"उद्याचं ऑपरेशन रद्द," तरे दारातूनच गरजले.

मनोज उसळला. "अवो डॉक्टर, मी ड्युटी बुडवून बसलोय इथं!"

"बुडव आणखी! उद्या हिला मुंबईला न्यायचं. आधी सुईची तपासणी, मग लागेल ते औषध, ऑपरेशन नंतर. तिथं इशरत मॅडम आहेत. मी फोन करतो त्यांना."

रूपाने वर बघितलं. "मंजी तुमाला जमत न्हाय?"

दिवसभरात एवढं झोंबणारं कुणी बोललं नव्हतं. बिचारीने तर नुसतं विचारलं होतं.

"नाही जमत!" तरे ओरडले. दारात नर्स गोळा झाल्या. "ऐकलंत सगळ्यांनी? मला हे जमत नाही!"

रूपा दचकली. मग पदर सारखा करत चाचरत म्हणाली, "बरं झालं का मंग तुमाला सांगाला येईन. शेतातलं कायतरी घेऊन."

"काही आणू नकोस," तरे म्हणाले. आवाज फाटला होता, पण राग तसाच होता. "बरी झालीस तर नाही आलीस तरी चालेल. बरी नाही झालीस तर मात्र ये. आधी माझ्याकडे ये. शिव्या घालायला ये."