हनुवटी आणखी थोडी पुढे

बाबांचे सगळे फोटो एकाच ढबीचे आहेत. मूठ हनुवटीला टेकलेली, नजर किंचित बाजूला. माझ्या लग्नात, माझ्या लेकीच्या, धम्मदीपाच्या नामकरणात, अजिंठ्याच्या सहलीत, सगळीकडे तसेच. लहानपणी मला वाटायचं, ते विचार करताहेत. वाशिमच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते, तेव्हा विचार गाड्यांचाच असणार.

ते फेब्रुवारीत गेले. हृदय बंद पडलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी टेबलावर ठेवायला फोटो हवा होता आणि चेहऱ्यावर हात नसलेला एकच निघाला. निवृत्तीच्या समारंभात मदनसिंग फोटोवाल्यानं त्यांच्या नकळत काढलेला. मी त्याला फोन करून म्हटलं, "जरा चांगला करून द्या." तो फ्रेम घेऊन स्वतः घरी आला. पांढऱ्या फुलांमागे बाबा देखणे दिसत होते. येणारे फुलं वाहत होते, मेणबत्त्या लावत होते. माझी नऊ वर्षांची धम्मदीपा माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "हे आबा नाहीत."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लहान आहे, आजोबांचं जाणं पचायला वेळ लागेल, असं मला वाटलं. या विषयावर मी पुष्कळ वाचलेलं आहे.

धम्मदीपाला बाबांची हनुवटी आली आहे. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊन बसतात. दाताच्या डॉक्टर अपूर्वा यांनी मागच्या वर्षी एक्स-रे दाखवून समजावलं होतं, "खालचा जबडा पुढे आलाय असं वाटतं, पण हिचा वरचा मागे राहिलाय. तो पुढे ओढता येतो. फक्त या वयात. आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं की हाड ऐकत नाही. मग अठरा वर्षांची होईपर्यंत थांबायचं आणि ऑपरेशन करायचं."

तेव्हा बाबा सोबत होते. डॉक्टरांनी त्यांनाही दात मिटून दाखवायला सांगितलं. मूठ बाजूला करायला त्यांना जरा वेळ लागला.

"आबा, कणीस कसं खाता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोलून. समोरच्या दातानं तुटतच नाही. पेरू बी दाढेनंच." मग थोडं थांबून म्हणाले, "माह्या वेळेस असं काही होतं काय, म्याडम?"

"होतं आबा. आपल्या वाशिमात नव्हतं."

"म्हंजे गाडी होती, आमच्या फाट्यावर थांबत नव्हती," बाबा म्हणाले आणि मूठ वर न नेता हसले.

मी बाजूच्या खुर्चीवर बसले होते. लहानपणी कणसं भाजली की बाबा अंगठ्यानं दाणे सोलायचे आणि पहिली ओंजळ मला द्यायचे. माझी मैत्रीण म्हणायची, तुझे बाबा किती लाड करतात. लाड होतेच. पण ते सोलत का होते, हे मला चाळिसाव्या वर्षी त्या खुर्चीत कळलं.

धम्मदीपाला मुखवटा मिळाला. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, मध्ये उभा दांडा, आणि तोंडात वर बसवलेल्या पट्टीच्या आकड्यांपासून दांड्यापर्यंत दोन रबरं. रोज संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. सात वाजले की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नाकातून घोषणा करायचे, "वाशिमहून मालेगाव, मेडशी, पातूरमार्गे अकोल्याला जाणारी गाडी फलाटावर लागून राह्यली आहे." ती पळत यायची. डावं रबर, उजवं रबर. "दोन्ही दरवाजे बंद. चला."

ते गेल्यावर रबरांची पुडी मी तिच्याच हाती दिली. मोठी झालीस, म्हटलं, आणि पुन्हा कधी बघितलं नाही.

मार्चअखेर डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं आणि पट्टी पुन्हा पुन्हा निरखली. "समोरचे दात टोकाला टोक आले होते. वरचे पुन्हा मागे गेलेत. बेटा, मुखवटा लावतेस?"

धम्मदीपानं तोंड मिटून घेतलं.

"ताई, मी रागवत नाही," डॉक्टर मला म्हणाल्या. "पण हे वय परत येत नाही. तिची इच्छा नसेल, तर मी काही करू शकत नाही."

घरी आल्यावर मुखवटा बाबांच्या कपाटात सापडला, त्यांच्या खाकी शर्टाच्या घडीखाली. मी तो तिच्यासमोर ठेवला. आई भाजी निवडत बसली होती.

"दुखतं का?"

मान हलली. नाही.

"मुली चिडवतात?"

"शाळेत कुठं लावते मी?"

"मग काहून लावत नाहीस?" मी सहसा अशी बोलत नाही. बाबांचा शब्द तोंडात आला.

तिनं रबरांची पुडी कुस्करली. "लावला तर माझं तोंड त्या माणसासारखं होईल."

"कोणत्या?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

मी उठून फोटोजवळ गेले. पाच आठवडे रोज सकाळी मी त्यापुढे मेणबत्ती लावत होते. आज पहिल्यांदा बघितलं. मदनसिंगनं फोटोत बाबांची हनुवटी आत घेतली होती. ओठ सरळ, जबडा नीट. कुणीतरी सभ्य, अनोळखी गृहस्थ आमच्या भिंतीवर बसले होते, आणि त्यांना आणणारी मीच होते.

"बरोबर बोलते पोरगी," आई म्हणाली. "मले बी वाटत होतं, हा कोन्त्या गावचा पाव्हना. म्हटलं तू आणला, कायले बोला."

"आई, तू तरी बोलायचंस."

"तू रडत नव्हती व माय. तुले धक्का नको, म्हनून नाही बोलली." तिनं भाजीची जुडी खाली ठेवली. "मले पाहाले आला तवा अर्धा घंटा रुमाल तोंडावर धरून बसला होता तुहा बाप. मले वाटलं, दात दुखून राह्यले. मी आतून लवंग पाठवली."

धम्मदीपा हसली. "खाल्ली?"

"खाल्ली ना! नाही कसं म्हनते? आयुष्यभर हात नाही काढला तोंडावरचा. तुह्या संगं दवाखान्यात गेला, तवापासून काढला."

दुसऱ्या दिवशी धम्मदीपा आणि मी मदनसिंगच्या दुकानात गेलो. त्यानं फ्रेम पाहिली आणि आधी मला खुर्ची दिली. "ताई, तुमीच म्हटलं चांगला करून द्या. साहेबांनी माह्या मायच्या आजारपणात गाडी थांबवून ठेवली होती. मी म्हटलं, त्यांच्यासाठी एवढं तरी."

"माझंच चुकलं. पहिला होता तो द्या."

त्याचा चेहरा उतरला. "पहिला नाही राह्यला. त्याच्यावरच काम केलं. बाहेर काढा लागंल हनुवटी. पन किती, ते कसं कळन? बाकीच्या फोटोत तं हात हाय."

धम्मदीपा पुढे झाली. त्याच्या स्टुलाशेजारी उभी राहिली, तोंड मिटलं आणि चेहरा बाजूला वळवला.

"माझी बघा," दात न उघडता ती म्हणाली.

मदनसिंगनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. माउस हलला. हनुवटी जरा पुढे सरकली.

"अजून."

पुन्हा सरकली.

"अजून थोडी. खालचा ओठ पण येतो सोबत." तिनं स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं.

ओठ आला. आणि मग एका क्षणी पडद्यावर बाबा होते. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. मदनसिंगनं पंख्याचा वेग वाढवला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

नवा फोटो भिंतीवर गेला तेव्हा सात वाजत आले होते. धम्मदीपानं मुखवटा धुऊन आणला. मी काही विचारलं नव्हतं.

"आता माझी गेली तरी चालते," ती म्हणाली. "त्यांची आली ना."

तिनं आरशासमोर डावं रबर अडकवलं. उजवं निसटून टेबलाखाली गेलं. ते शोधून हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि थांबली. कशासाठी थांबली आहे, ते मला कळलं. बाबांसारखा आवाज मला काढता येत नाही. तरी मी स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"वाशिमहून मालेगाव, मेडशीमार्गे अकोल्याला जाणारी गाडी..."

"पातूर राहिलं, आई."

"पातूरमार्गे."

"नाकातून म्हण."

आई भाकरी थापता थापता थांबली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.