नात्यानं कोण

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं, पाय जादा ब्रेकवर ठेवायचा आणि घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा. म्हणून पुस्तक मंडळात तिचं नाव पडलं ब्रेकबाई. मंडळ पाच जणांचं. दर महिन्याला एक कादंबरी आणि एकाच्या घरी जेवण. गेली दीड वर्षं ब्रेकबाई काही ना काही सबब सांगून आपली पाळी टाळत होती. शेवटी मंडळातली दातांची डॉक्टर म्हणाली, "तुला घर आहे की गाडीतच राहतेस, हे तरी बघू दे," आणि तिचा नाइलाज झाला.

टाळाटाळीचं कारण होतं आतल्या खोलीत. ब्रेकबाई नऊ वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली होती. दोन वर्षांपूर्वी, जवळजवळ तीस वर्षांनी, ती एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "कोण आल्या?" ब्रेकबाईच्या तोंडून निघून गेलं, "मावशी." आईनं मूग गिळून तेच नातं चालवून घेतलं. घरात मात्र ब्रेकबाई तिला मावशीही म्हणत नव्हती आणि आईही नाही. "ऐकतेस का," एवढ्यावर भागत होतं.

आणि या महिन्याची कादंबरी निघाली नेमकी मुलांना टाकून गेलेल्या बाईची.

आईनं सकाळपासून स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. पाहुण्यांनाही ब्रेकबाईनं तिची ओळख मावशी अशीच करून दिली. पाहुणे सूपवर खूश होते. डॉक्टर म्हणाली, "मला त्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू. पोटची पोरं टाकून जायचं, आणि म्हातारपणी आयतं घर शोधत यायचं."

"परिस्थिती असते एकेकाची," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

"परिस्थिती सगळ्यांनाच असते. म्हणून कोणी मुलं टाकतं का?"

आई डॉक्टरच्याच खुर्चीमागे पातेलं घेऊन उभी होती. "आणखी वाढू?" तिनं विचारलं. आवाज शांत होता, पण डावातलं सूप टेबलावर सांडलं.

ब्रेकबाईनं ते पाहिलं. डॉक्टरची वाक्यं तिच्या ओळखीची होती. तीस वर्षं ती मनातल्या मनात हेच बोलत आली होती. पण आपल्या भांड्याच्या पोच्यावर परक्यानं बोट ठेवलं की कसंसंच होतं, तसं तिला झालं.

"थांब जरा," ती म्हणाली. "ही माझी मावशी नाही. आई आहे."

डॉक्टरनं चमचा खाली ठेवला.

"असू दे," आई म्हणाली आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली. "त्यात खोटं काय आहे? मी वाचली कादंबरी, दुपारी ही कामावर असते तेव्हा. त्यातली बाई सरळ जाऊन घंटा वाजवते. तसं नाही होत. मी तीन दिवस जिना चढून उतरले. चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागले, उतरवेना, म्हणून वाजवली."

पोस्टमास्तरांना हसू आलं, मग अवघडल्यासारखं झालं. त्यांनी हळूच विचारलं, "गेलात कशाला पण?"

"तेव्हा दहा कारणं होती. आता एकही पुरेसं वाटत नाही."

ब्रेकबाईनं हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. तिनं फडकं आणून टेबल पुसलं.

पुढे कादंबरीवर फारसं बोलणं झालं नाही, पण लवकर उठलंही कोणी नाही. निघताना डॉक्टर आईपाशी गेली. "काकू, माझी जीभ जरा तिखटच आहे. पुढच्या महिन्यात माझ्याकडे जेवण आहे. याल?"

आईनं लेकीकडे पाहिलं.

"येईल ती," ब्रेकबाई म्हणाली. "मी आणीन."

सगळे गेल्यावर दोघी भांडी घासायला लागल्या. ब्रेकबाईचा राग गेला नव्हता, एवढ्यात जाणारही नव्हता. तरी आईचा उजवा गुडघा राहून राहून वाकतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"आई, बस तू," ती म्हणाली. "राहिलेलं मी करते."