माझी पकड सुटली तेव्हा

मित्रांनो, पार्लरमध्ये शिरलं की तुमचं लक्ष आधी आरशाकडे जातं, मग कात्रीकडे. माझ्याकडे कोण बघतंय! मी एक जुनी, काळी, लांब चोचीची क्लिप आहे. जे केस आत्ता कापायचे नाहीत, ते वर गुंडाळून धरून ठेवायचे, एवढंच माझं काम. पण धरलेली बट सुटली तर कात्री काय करील, या धास्तीतच माझा सारा जन्म गेला.

अकरा बहिणींसोबत एका पुठ्ठ्यावर बसून मी जळगावात नूतनताईंच्या पार्लरमध्ये आले. तेव्हा माझी स्प्रिंग कडक होती. ओले, दाट केसही मी घट्ट धरायचे. ताई नव्या मुलींना सांगायच्या, ही क्लिप घ्या, ही सोडत नाही. मीही जरा फुगले होते, खोटं कशाला बोलू? पुढे कितीदा फरशीवर पडले, गरम पाण्यात बुडाले, एकदा तर खुर्चीच्या पायाखाली सापडले. स्प्रिंग सैल झाली, पण दिसायला मी होते तशीच राहिले. म्हणून कोणाला संशय आला नाही.

ज्योती पाचोऱ्याहून रोज रेल्वेनं केस कापायला शिकायला यायची. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ताईंनी गिऱ्हाईक हाती दिलं तर ठीक, नाहीतर पास बंद आणि घरी बसायचं, असं तिच्या वडिलांनी, सुकदेवभाऊंनी, बजावलं होतं. पोर कामाची होती. पण एकदा डमीच्या डोक्यावर शिकताना माझ्यातून एक बट अर्धवट निसटली, खाली लोंबली आणि कात्रीत आली. मध्येच आखूड तुकडा उभा राहिला. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून ताई तिला चारचौघींत बोलल्या. ज्योती मान खाली घालून केस झाडत राहिली. चूक माझी होती, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःचीच फार लाज वाटली.

आखाजीला चार दिवस उरले. धुळ्याच्या सुनंदाबाई लेकाकडे आल्या होत्या, त्या सुनेला घेऊन पार्लरमध्ये आल्या. सुनंदाबाईंचे केस कमरेपर्यंत, आणि जन्मात कधी कात्री लागलेली नाही. ताई नवरीच्या मेकअपमध्ये अडकल्या होत्या. त्या ज्योतीला म्हणाल्या, तू घे.

ज्योतीनं कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. सुनंदाबाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"मना हात वर जास नही, बेटा. वेणीसाठे रोज सूनले सांगनं पडस. तू काप."

ज्योतीनं केसांचे चार भाग केले आणि सवयीनं मलाच उचललं. मला नको, दुसरी घे, असं मी मनातल्या मनात किती ओरडले! खाली कात्री चालू झाली. ओले केस जड होते. मी जीव खाऊन धरलं, तरी एक बट हळूहळू सुटू लागली. ती खाली लोंबली, थेट ज्योतीच्या बोटांत. कात्री उघडली.

आणि थांबली. डमीचा प्रकार झाल्यापासून ज्योती प्रत्येक वेळी कापण्याआधी बटेवरून बोट फिरवायची. आज बोटाला ती जादा बट लागली. तिनं मला काढलं, स्वतःच्या करंगळीला लावलं. मी घसरून खाली पडले.

"ताई, ही क्लिप धरत नाही."

नूतनताई ब्रश हातात घेऊनच आल्या. त्यांनी मला दाबून पाहिलं.

"डमीच्या वेळी तुला उगाच बोलले गं मी," त्या म्हणाल्या, तेही सगळ्यांसमोर.

सुनंदाबाईंचे केस खांद्यापर्यंत नीट उतरले. जाताना त्यांनी दुखरा हात कसाबसा वर नेला आणि मानेवरून फिरवून पाहिला.

मित्रांनो, हाताला बोल लावण्याआधी त्या हातातली वस्तू एकदा तपासा. आणि वस्तू थकली असेल, तर तिला झेपेल तेवढंच काम द्या. मला केसांत आता कोणी लावत नाही. मी ज्योतीच्या पर्समध्ये असते, तिचा रेल्वेचा पास धरून. कागदाचं वजन ते किती, तरी मी तो घट्ट धरते. पास आखाजीनंतरच्या महिन्याचा आहे.