पाळीतून झिरपणारं पाणी

मूल शहराजवळच्या एका गावतलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, शकुबाईची वांग्या-टमाट्याची वाडी होती. पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपायचं, त्यावरच ती पिकायची. यंदा दिवाळीत ते पाणी गढूळ यायला लागलं, तसे मासेमारी सोसायटीचे वारलूभाऊ चपापले.

"माती वाहून राह्यली, बाई. पाळ फुटली तं मासे जातीन अन् खालचे धानही. उद्या बाहेरून चिकणमाती ठोकून बुजवून टाकतो."

शकुबाईनं मान डोलावली. पाळ वाचायलाच हवी. पण मग वाडीचं काय?

तिची मुलगी दामिनी नागपूरहून सुट्टीवर आली होती. माती-वाळूतून पाणी कशी वाट काढतं, ते कॉम्प्युटरवर मांडून पाहायचं, हाच तिचा एमटेकचा विषय.

"एक दिवस थांबा, काका," ती म्हणाली. तिनं पाळीची माती डब्यांत भरली, पाळीची उंची मोजली, झिऱ्याखाली बादली लावून घड्याळ पाहिलं. संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडला, पण गणित जुळेना. पडद्यावरच्या पाळीतून बादलीत आलं त्याच्या निम्मंही पाणी येईना.

"माय, इथी पाळ कधी फुटली होती काय?"

"माझ्या लग्नाच्या साली. मुरूम टाकून बुजवली होती."

दामिनीनं पडद्यावर तेवढ्या भागात मुरूम भरला आणि बादलीचा मेळ बसला. मग वारलूभाऊंसमोर तिनं पडद्यावरच्या पाळीला बाहेरून चिकणमाती लावली. पाळीच्या पोटातली पाण्याची निळी रेघ सरसर वर चढली.

"पाहा काका, वाट बंद केली का पाणी आतच तुंबते. पाळ भिजून ढासळन. पाणी अडवायचं नाई, माती अडवायची. आधी वाळू, मंग गिट्टी, वरून दगड."

वारलूभाऊंनी चष्मा सारून तीनदा पाहिलं. "म्हंजे मी पाळ वाचवाले गेलो असतो अन् पाडून बसलो असतो!" ते हसले. शकुबाईच्या जिवात जीव आला.

दोन दिवसांत गावानं मिळून थर घातले. तिसऱ्या सकाळी शकुबाईनं ओंजळीत पाणी धरलं, तर तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या.

तोवर वारलूभाऊ शेजारगावच्या सोसायटीला फोनवर सांगत होते, "आमची पोरगी येईन पाहाले. तोवर कोनी फावडं लावू नका!"

 तिकडची माती भरायला दामिनीनं डबे धुऊन उन्हात पालथे घातले.