पहिली सुरी

दिवाळीच्या आदल्या दिवशी माकणीच्या कमलबाईंच्या घरात एक तांबडा भोपळा मधोमध बसला होता आणि त्याला चिरायला पुरुष मिळत नव्हता.

अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानंच लावायची, बाईनं नाही, ही रीत तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. का, ते मात्र कुणी सांगत नाही. घरचा नसेल तर शेजारचा पुरुष चालतो, झोकांड्या खात आलेलासुद्धा चालतो. दिवसभर ऊस तोडणारी बाई चालत नाही.

कमलबाईंचे मालक बजरंग तीन वर्षांपूर्वी गेले. ते असताना भोपळा चिरणं हा घरचा सोहळाच असायचा. वरची चकती कापून ते गर खरवडून द्यायचे, कमलबाई तो गुळात शिजवून घाऱ्या तळायच्या. बिया राखेत घोळून ठेवल्या जायच्या. मग रिकाम्या भोपळ्यावर बजरंग चाकूच्या टोकानं पानं, चांदण्या कोरायचे आणि आत पणती लावायचे. तो कंदील बघायला गल्ली लोटायची.

ते गेल्यावर दोन भोपळे पुरुषाची वाट बघून सडले. यंदा कमलबाईंनी बजरंगनी राखलेल्या शेवटच्या बिया लावल्या, तर वेलाला हे एकच फळ धरलं. आता तेही देठाजवळ मऊ पडलं होतं. आज चिरलं नाही तर घाऱ्या जाणारच होत्या, पण बजरंगचं बीही संपणार होतं.

दुपारी पुण्याहून मुलाचा, कृष्णराजचा फोन आला.

“आई, सुट्टी न्हाय मिळाली गं.”

“आरं, भोपळा तुझ्यासाठी ठिवलाय.”

“मग शेजारी कुणाला तरी सांग की.”

कमलबाई शेजारच्या सायराबीकडं गेल्या. “भाबी, पाशाभाई हायेत का? भोपळा चिरायचाय.”

“ते लोहाऱ्याला गेलेत, उद्या येतील.” सायराबी शिलाई मशीन सोडून कमलबाईंच्या घरी आल्या आणि त्यांनी भोपळा दाबून बघितला. “उद्यापतुर हे टिकतंय व्हय? चीर की तूच.”

“बायकांनी न्हाय चिरू. इपरीत व्हतंय म्हणत्यात.”

“बजरंगभाऊ गेल्यावर औत कुणी धरलं? फवारणीचा पंप कुणी पाठीवर घेतला? तवा कुणी न्हाय आलं सांगायला. आन आता काय इपरीत व्हायचं राहिलंय, कमल?”

कमलबाईंनी भोपळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “रीतीपायी अडलं न्हाय, भाबी. म्या सुरी लावली की ते न्हाईत, हे पक्कं व्हतंय. तवर वाटत राहतंय, येतील आन माझ्या हातातून घेतील.”

सायराबी त्यांच्याजवळ बसल्या. “त्यांची जागा राखायच्या पायी त्यांचं बी सडवायलीस तू.”

कमलबाईंनी सुरी घेतली. त्यांनी डोळे मिटून जोर लावला आणि भोपळा कापला गेला! आभाळ कोसळलं नाही, घराचा पत्राही उडाला नाही. आतला गर केशरी, घट्ट होता आणि बिया धडधाकट होत्या. त्या ओंजळीत घेऊन कमलबाई पोटभर रडल्या.

मग घाऱ्या झाल्या. कंदीलही कोरला. पानं कोरायला गेल्या, ती भाकरीएवढी झाली. सायराबी हसल्या, कमलबाईही हसल्या. संध्याकाळी आत पणती लावली तेव्हा बजरंगची आठवण कमी झाली नाही, उलट दाटून आली. मात्र आज त्यांनी दाराकडं बघितलं नाही.

इतक्यात समोरची दैवशाला भोपळा घेऊन आली. तिचा नवरा ट्रकवर होता. “मावशी, तुमी लावता का पहिली सुरी?”

“म्या न्हाय,” कमलबाई म्हणाल्या. “तूच लाव. म्या भोपळा धरते.”

मंडळी, गेलेल्या माणसाची ओढ जन्मभर असावी, त्यात वावगं काही नाही. पण बाईला तिच्याच घरात वाट बघत बसवणाऱ्या रीतीला माया म्हणू नये. यंदा तुमच्या घरी भोपळा आला तर सुरी तिच्या हाती द्या आणि तुम्ही भोपळा धरा.