कडेवर बाळ घेऊन मोजलेलं अंतर

धुकं इतकं दाट होतं की मोजणीच्या चाकाची मूठ तेवढी दिसत होती. दर मीटरला चाक ‘टक्क’ वाजायचं. वाटायचं, कापसाच्या पलीकडून कुणीतरी मलाच मोजतंय.

नियम साधा होता. शाळा वस्तीपासून चालत एक किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर वर्ग वस्तीतच सुरू करायचा. नकाशावर अंतर साडेआठशे मीटर भरत होतं. वस्तीने तक्रार केली म्हणून कार्यालयाने मला पाठवलं. इथल्या अकरा मुलींपैकी एकही शाळेत जात नव्हती.

वाट दाखवायला वस्तीतल्या एका विणकरणीची आठ वर्षांची मुलगी आली. काडीसारखे पाय आणि तोंडाची अखंड टकळी, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत.

“ताई, हे चाक काय बोलतं?”

“मीटर मोजतं.”

“मग त्याला म्हणावं, आज जरा जास्त मोज.”

ओढ्यात नऊ दगड होते. टिटवी त्यांवरून टणाटण उड्या मारत गेली. दगडांवरून चाक जाईना, तिथे मी फीत लावली. शाळेच्या फाटकाशी आकडा आला नऊशे चौसष्ट.

परत येऊन तो सांगितला, तसा माग थांबला. मांडीवरचं बाळ सावरत टिटवीची आई म्हणाली, “छत्तीस मीटरसाठी माझी पोर अडाणी राहणार? वर्ग दारात असता, तर बाळ रडलं की हिने लगेच मागापाशी आणून दिलं असतं. एवढ्या लांब ही बाळाला घेऊन गेली, तर मधेच रडणाऱ्या याला पाजायला कोण आणणार?”

मी फीत गुंडाळली. मी निघाले. टिटवीने सवयीने बाळाला कडेवर घेतलं आणि मला सोडायला आली. ओढ्यापाशी ती डावीकडे वळली.

“अगं, दगड इकडे आहेत.”

“बाळ असलं की दगडांवरून नाही जायचं. एकदा दोघं पडलोय. पुलावरून जायचं.”

“आणि बाळ कधी असतं?”

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. “कधी नसतं, ताई? आज तुम्ही येणार म्हणून आईने धरलं होतं.”

मी जागीच थांबले. मोजायला आले आणि माझ्या येण्यानेच मोजायची गोष्ट बदलली होती.

चाक शून्यावर आणून आम्ही वस्तीच्या पहिल्या घरापासून पुन्हा निघालो. धुक्यात पूल मधेच लोंबकळल्यासारखा दिसत होता. प्रत्येक ‘टक्क’ला बाळ खिदळत होतं. टिटवी बाळाला दुसऱ्या कडेवर घ्यायला थांबली की चाकही थांबायचं. तिघं कुठे पोहोचण्यासाठी नाही, नुसतीच ढगातून चाललोय असं वाटत होतं. मग फाटक आलं. तेराशे अठरा.

“तुमचं हे बाळ नियमात कुठे बसतं?” अहवाल वाचून कार्यालयात साहेबांनी विचारलं.

“कडेवर, साहेब. चालत जायचं अंतर मोजा, असं लिहिलंय. तिथल्या मुली भावंडं घेऊन अशाच चालतात.”

त्यांनी चष्मा पुसून वर्गाच्या मंजुरीचा कागद पुढे ओढला. मग सही केली.

वर्ग मागाच्या शेजारच्या खोलीत भरला. पहिल्या दिवशी बाईंनी पाटीवर ‘एक’ काढून दिला. टिटवीने तो गिरवला आणि मान वर केली.

“झाला. आता तेराशे अठरा कसा काढायचा?”